अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट

माटुंग्याला पाहुणे आले की तीन प्रश्न हमखास विचारतात. इडली कुठली चांगली, हार कुठून घ्यायचे आणि फाइव्ह गार्डनला सध्या कुणाचं शूटिंग चालू आहे. शूटिंग म्हणजे अर्थातच कॅमेऱ्याचं. दुसऱ्या प्रकारच्या शूटिंगशी या भागाचा काही संबंध असेल, असं मला शाळेत किंवा कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

पण होता. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मुंबई म्हणजे मुख्यतः फोर्ट आणि त्याच्या आसपासची वस्ती. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेचा तोफखाना माटुंग्यात होता. माटुंगा हे नाव मातंगावरून, म्हणजे हत्तीवरून आलं आणि बिंबराजाचे हत्ती इथे बांधलेले असत, ही गोष्ट सगळे सांगतात. हत्तींचं मला माहीत नाही. तोफा मात्र होत्या. इथली हवा गोऱ्या शिपायांना मानवली नाही आणि १८३०च्या दशकात छावणी उठली. पुढे प्लेग आला, त्यानंतर १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. ट्रस्टने दादर-माटुंग्याचे रस्ते पट्टीने आखले आणि छावणीची उरलीसुरली खूणही त्या आखणीखाली गेली. तोफ डागणाऱ्याला त्या काळी गोलंदाज म्हणत. आज संध्याकाळी दडकर मैदानावरून जाताना हा शब्द ऐकू येतो, पण तिथे चेंडू लेगस्टंपवर पडलेला असतो.

हे सगळं मी शोधायला गेलो ते तोफेमुळे नाही. मामाच्या घरातल्या एका लोखंडी पट्टीमुळे.

*

मामाचं घर कुडाळ तालुक्यात. घरात ठासणीची बंदूक आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना आधी आजोबांच्या नावावर होता, आता मामाच्या नावावर आहे. माकडं आणि रानडुकरं यांच्यापुढे नारळ-भात टिकवायचा तर अजूनही कोकणात अनेक घरांत ही बंदूक असते. मामा आता नुसता आवाजाचा बार काढतो. आजोबांच्या वेळी मात्र घरीच शिसं वितळवून गोळ्या ओतत.

ज्यांनी ठासणीची बंदूक पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: ही बंदूक तोंडाकडून भरतात. आधी दारू, मग काथ्याचा किंवा कागदाचा बोळा, मग शिसं, आणि हे सगळं लांब गजानं खाली ठासायचं. मागे छोटी टोपी बसवायची, घोडा ओढायचा, चाप दाबायचा. आपण ठासून भरलेली लोकल म्हणतो, एखाद्याचा बार फुसका निघाला म्हणतो. भाषेत हा गज अजून चालूच आहे. ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, तो मात्र नंतरचा पाहुणा.

तर ती पट्टी. हाताच्या पंजाएवढी, गंजून काळी पडलेली, दोन भोकं असलेली. एक भोक मोठं, दुसरं जरासं लहान. मी आठवीत असताना मामाने ती दाखवली होती. साच्यातून निघालेली गोळी कधी नेमक्या मापाची नसते. साच्याच्या दोन पाकळ्या जिथे मिळतात तिथे कंगोरा राहतो, वरून शिसं ओतलेल्या जागी शेपूट राहतं, आणि शिसं थंड होताना आकसतं तेही सगळीकडून सारखं नाही. म्हणून शेपूट कापायचं आणि गोळी लहान भोकातून पाडायची. पडली तर पिशवीत. अडकली तर लाकडी दांडक्यानं हलकेच ठोकून पार करायची. शिसं मऊ, ते दबतं. कडेने नखाएवढी चकचकीत सालपटं निघतात आणि गोळी मापात येते.

मोठं भोक बंदुकीच्या नळीएवढं होतं. मी विचारलं, “मामा, नळी एवढी आणि गोळी एवढीशी? सैल नाही का होणार? घट्ट बसली तर जास्त जोरात जाईल ना?”

मामा म्हणाला, “पयल्या बाराक गोळी कोण पण घालतलो रे. धाव्या बाराक जाता काय, ता बघ.”

मला तेव्हा काही कळलं नाही. पुढे व्हीजेटीआयमध्ये मेकॅनिकलला आलो. ही संस्था १८८७मध्ये भायखळ्याला सुरू झाली आणि १९२३मध्ये माटुंग्यात आली. तिथल्या वर्कशॉपमध्ये पहिल्या वर्षी जे डोक्यात ठोकून बसवतात त्यात एक गोष्ट असते: भोक आणि त्यात जाणारा दांडा यांच्यात किती फट ठेवायची. फट ठेवली तर क्लिअरन्स, दांडाच मोठा ठेवला तर इंटरफिअरन्स. कागदावर दोन आकडे असतात, आणि सगळं यंत्र त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीवर चालतं. मामाची पट्टी म्हणजे आम्ही ज्याला गेज म्हणत होतो तेच. मग एकदा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, जे वाचायचं ते सोडून भलतंच वाचण्याच्या सवयीने, मी १८५७च्या काडतुसांवर वाचत बसलो आणि तिथे मला असेच दोन आकडे सापडले. ०.५६८ आणि ०.५५०.

*

१८५७ची काडतुसं म्हटली की आपल्याला चरबी आठवते. गाईची की डुकराची, खरी की अफवा, दातांनी तोडायची की हातांनी. हा वाद आपण शाळेपासून ऐकतो. पण काडतुसाला चरबी लावायचीच कशाला, हा साधा प्रश्न वर्गात कधी कुणी विचारला नाही. मीही नाही. बंदुकीला तेलपाणी लागतं तसं काहीतरी असेल, असं धरून आपण पुढे जातो.

चरबी लागत होती, कारण गोळी घट्ट होती.

जुनी ब्राउन बेस मस्केट आधी पाहू. तिची नळी आतून गुळगुळीत, व्यास पाऊण इंच. गोळी साधारण ०.६९ इंचाची. म्हणजे दीड मिलिमीटरची फट. गोळी अक्षरशः घरंगळत खाली जाते. भरायला सोपी, पण सुटताना ती नळीत या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत बाहेर पडते आणि शेवटच्या आपटण्यावर तिची दिशा ठरते. शंभर पावलांपलीकडे नेम म्हणजे नशीब. म्हणून शिपायांना ओळीत उभं करून एकदम फैर झाडायची पद्धत होती. एकाची चुकली तर दुसऱ्याची लागेल.

रायफल म्हणजे जिच्या नळीत आतून मळसूत्री खाचा असतात ती. गोळी त्या खाचांत रुतली की गिरक्या घेत बाहेर पडते आणि सरळ जाते. पण खाचांत रुतायची तर गोळी घट्ट हवी, आणि घट्ट गोळी तोंडाकडून खाली कशी ढकलणार? १८००च्या सुमारास इंग्रजांच्या पहिल्या रायफलवाल्या तुकड्यांना गोळी ठोकायला चक्क लाकडी हातोड्या दिल्या होत्या. लढाईच्या मैदानात उभं राहून सुतारासारखं ठोकत बसायचं! हातोडी पुढे गेली, प्रश्न राहिला. सैल गोळी नेम चुकवते, घट्ट गोळी वेळ खाते.

यावर तोड निघाली ती फ्रान्समध्ये. १८४९च्या सुमारास मिनिए या अधिकाऱ्याने लांबट, टोकदार, मागून पोकळ अशी गोळी पुढे आणली. नळीपेक्षा किंचित बारीक, म्हणून गजाने सहज खाली जाते. दारू पेटली की वायू मागच्या पोकळीत घुसतो, मऊ शिसं फुगतं आणि खाचांत बसतं. जाताना सैल, येताना घट्ट. इतकी सुंदर कल्पना मी चार वर्षांच्या अभ्यासक्रमात फारशी पाहिली नाही, आणि ती माणसं मारण्यासाठी सुचावी याचं वाईटही वाटतं. इंग्रज सरकारने ही कल्पना वापरल्याबद्दल मिनिएला वीस हजार पौंड दिले.

त्याच कल्पनेवर १८५३ची एन्फिल्ड रायफल उभी राहिली. नळी ३९ इंच लांब, आत तीन खाचा, खाचांचा एक पूर्ण वेढा ७८ इंचांत. म्हणजे बाहेर पडेपर्यंत गोळी जेमतेम अर्धी गिरकी घेते, आणि तेवढी पुरते. नळीचा व्यास ०.५७७ इंच. गोळीचा ०.५६८. वजाबाकी करा: नऊ हजारांश इंच, पाव मिलिमीटरही नाही. त्यातही गोळी उघडी जात नाही. कागदाच्या काडतुसात एका बाजूला दारू आणि दुसऱ्या बाजूला गोळी. शिपायाने दारूकडचं टोक फाडायचं, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटं करून गोळीची बाजू नळीत घालायची, उरलेला कागद तोडून टाकायचा आणि गज मारायचा. गोळीभोवतीचा कागद गोळीसोबतच आत जातो. म्हणजे त्या पाव मिलिमीटरमध्ये कागदाची घडीही मावायला हवी.

आणि दारूची काजळीसुद्धा. हीच खरी गोम. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळते तेव्हा निम्म्याहून जास्त वजन धूर आणि घन अवशेषांच्या रूपात मागे राहतं. त्यातलं बरंचसं नळीत चिकटतं. दर बाराला एक थर. हवा दमट असेल तर हा थर ओलसर, मऊ राहतो. पुढची गोळी तो खरवडत खाली जाते. हवा कोरडी आणि तापलेली असेल तर तो भाजलेल्या मातीसारखा कडक होतो. मामाचा दहावा बार तो हाच. कुडाळच्या दमट हवेतसुद्धा त्याला फट हवी होती. उत्तर हिंदुस्थानात मे महिन्यात काय होत असेल?

म्हणून वंगण. गोळीकडच्या कागदावर चरबी आणि मेणाचं मिश्रण थापलं की काजळी मऊ राहते आणि गोळी सरकते. फट कमी ठेवली, त्याची भरपाई चरबीने केली.

*

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. ही काडतुसं हिंदुस्थानात चालतील का, याची चाचणी झाली होती. १८५३मध्ये चरबी लावलेली काडतुसं विलायतेहून इकडे पाठवली गेली. शिपायांच्या पट्ट्यांतल्या पेट्यांत ती महिनोन्महिने वागवली गेली आणि मग तपासून परत पाठवली. कशाची तपासणी? इथल्या उन्हात वंगण टिकतं का, याची. कर्नल टकर नावाच्या अधिकाऱ्याने त्याच वर्षी लिहून कळवलं होतं की, या चरबीत काय आहे ते शिपायांच्या दृष्टीने नाजूक प्रकरण आहे. ते पत्र फायलीत राहिलं.

मी हे वाचलं तेव्हा इंजिनिअर म्हणून मला जरा शरमल्यासारखं झालं. कारण चाचणी घेणारे लोक मूर्ख नव्हते. त्यांनी उष्णता मोजली, काळ मोजला, कागदावर तेलाचा डाग किती पसरतो ते पाहिलं. फक्त काडतूस ज्याच्या तोंडापर्यंत जाणार होतं, त्याला मोजमापात धरलं नाही. कागदावरचं उत्तर त्यांच्याकडे होतं: दातांनी फाडायचं टोक दारूकडचं आणि चरबी गोळीकडची, म्हणजे दात चरबीला लागतच नाहीत. आराखड्यात पाहिलं तर हे खरंच आहे. पण उन्हात वितळलेली चरबी आराखडा वाचत नाही, आणि ज्या शिपायाचा धर्म बुडायची भीती आहे तोही वाचत नाही.

पुढचं सगळ्यांना थोडंफार ठाऊक आहे. नवी रायफल शिकवायला दमदम, अंबाला आणि सियालकोट इथे केंद्रं उघडली. जानेवारी १८५७मध्ये दमदमला एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोट्याने पाणी मागितलं, त्याने नकार दिला, आणि खलाशाने सुनावलं की थांब, लवकरच तुला गाई-डुकराची चरबी चावायची आहे. सरकारने घाईने माघार घेतली. जानेवारी संपायच्या आत शिपायांना स्वतःचं वंगण, तूप-मेण, वापरायची मुभा मिळाली. काही आठवड्यांत दातांऐवजी हाताने फाडायची कवायतही आली. त्यामुळे संशय उलट वाढला. चूक नव्हती तर बदलता कशाला?

आणि यातला सगळ्यात विचित्र भाग असा की, मेरठला २४ एप्रिलला ज्या ८५ स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला, त्यांच्यापुढे ठेवलेली काडतुसं नव्या एन्फिल्डची नव्हतीच. ती जुनीच, नेहमीची होती. त्याआधी बहरामपूरला १९व्या पलटणीने नाकारलेलीही जुनीच. तोवर हा प्रश्न वंगणाचा उरलेला नव्हता. साहेब सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, इतका साधा झाला होता. १० मे रोजी मेरठ पेटलं.

त्या वाऱ्याची झुळूक आपल्याकडेही आली. ३१ जुलैला कोल्हापूरची २७वी पलटण उठली. मुंबईत दिवाळीच्या सुमारास उठाव करायचा बेत होता. पोलीस सुपरिंटेंडेंट फोर्जेटने सोनापूरच्या एका घराच्या भिंतीला भोकं पाडून शिपायांची बोलणी ऐकली आणि १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोघांना एस्प्लनेडच्या मैदानावर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, तोफेच्या तोंडी दिलं. चर्चगेटहून सीएसएमटीला चालत जाताना आपण ज्या मैदानातून सरबत पीत जातो, तेच.

*

आता कालपी. माझ्या दृष्टीने या गोष्टीचं केंद्र तिथे आहे, मेरठला नाही.

१८५८च्या उन्हाळ्यात सर ह्यू रोझची फौज झाशी घेऊन यमुनेकडे सरकत होती. या फौजेचा मोठा भाग मुंबई लष्कराचा. त्यातल्या हिंदी पलटणींत कोकणातली, देशावरची माणसं होती. समोर रावसाहेब पेशवे, झाशीची राणी, बांद्याचा नवाब. दोन्ही बाजूंना मराठी बोलणारे लोक होते, हे आपण इतिहास सांगताना सोयीने विसरतो. वरसईहून चार पैसे मिळवायला उत्तरेत गेलेला विष्णुभट गोडसे याच धुमाळीत सापडला होता आणि कालपीच्या वाटेवर राणी त्याला पठाणी वेषात भेटली, हे ‘माझा प्रवास’ वाचलेल्यांना आठवत असेल.

गोऱ्या सैनिकांना मे महिन्याचं ऊन सोसवत नव्हतं. ७ मेच्या कुंचच्या लढाईत रोझ स्वतः उन्हाने कोसळला होता. उठाववाल्यांनी हे हेरलं होतं, म्हणून २२ मेला त्यांनी ऊन चढल्यावर हल्ला चढवला. आणि इंग्रजांकडची ती जगात नावाजलेली रायफल तेव्हाच अडखळायला लागली. एकामागून एक बार काढून नळ्या काजळीने भरल्या. कोरड्या उन्हात काजळी कडक झाली. गज खाली जाईना. इंग्रजांच्या फैरी मंदावत गेल्या, तसे समोरचे लोक तोफांच्या जवळ येत चालले. शेवटी रोझ उंटावरची तुकडी घेऊन धावून आला आणि संगिनींनी ती लढाई सावरली. संगीन म्हणजे भाल्याचंच पातं. इतकी गणितं करून बनवलेल्या हत्याराचा त्या दुपारी भाला म्हणून उपयोग झाला.

या सगळ्या अनुभवानंतर गोळीचा व्यास कमी करण्यात आला. ०.५६८चा ०.५५०. फरक अठरा हजारांश इंच, म्हणजे ०.४६ मिलिमीटर. दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवा, साधारण तेवढी जाडी. फट आता तिप्पट झाली. इतकी सैल गोळी खाचांत बसेल का, ही भीती होती. पण मागच्या पोकळीत लाकडाची छोटी खुंटी होतीच, ती स्फोटाने आत घुसून शिशाला फाकवत असे. बारीक गोळीसुद्धा फुगून नीट बसली. वंगणही बदललं. चरबी कमी होत होत शेवटी निव्वळ मधमाशांचं मेण आलं. हे काही शिपायांच्या भावनेखातर झालं नाही. चरबी उन्हात वितळते, कागदातून झिरपते, शिशावर चढून पांढरा खडबडीत थर धरते आणि गोळी आणखी जाड होते, म्हणून झालं. मेण हे सगळं करत नाही.

म्हणजे हिशेब असा: थोडी बारीक गोळी आणि मेणाचं वंगण. दोन्ही गोष्टी १८५३मध्येही करता आल्या असत्या. त्यासाठी कुठला नवा शोध लागायचा नव्हता. मेण होतं, साचे होते, वूलविचच्या कारखान्यात शिशाच्या तारेपासून दाबून एकसारख्या गोळ्या काढणारी यंत्रंही बसत होती. यामुळे सत्तावन टळलं असतं असं मी म्हणत नाही. संस्थानं खालसा झाली होती, अयोध्येचं राज्य गेलं होतं, पगार, भत्ते, समुद्रापार जायची सक्ती, कारणांची रास होती. पण ठिणगी म्हणून जी वस्तू निवडली गेली ती अर्ध्या मिलिमीटरच्या हट्टातून जन्मली होती, एवढं मला म्हणायचं आहे.

*

गोष्ट इथे संपली असती तर तिला इंजिनिअरिंगचा धडा म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मापांची दुसरी एक जोडी आहे, आणि ती मला पहिलीपेक्षा जास्त बोलकी वाटते. ०.५७७ आणि ०.६५६.

उठाव मोडल्यावर प्रश्न आला की हिंदी पलटणींच्या हातात काय द्यायचं. एन्फिल्ड तर नाहीच. उत्तर निघालं: एन्फिल्डसारखी दिसणारी, पण आतून गुळगुळीत बंदूक. १८५८ची नेटिव्ह इन्फंट्रीसाठीची मस्केट. तिच्या पहिल्या खेपेसाठी तयार एन्फिल्डच्या नळ्याच घेतल्या आणि आतून कोरून खाचा काढून टाकल्या. ०.५७७ची नळी ०.६५६ची झाली. दोन मिलिमीटर. लांब पल्ल्याची मापं असलेली मागची माशी काढून एक साधी ठोकळ्यासारखी माशी बसवली, कारण लांबचा नेम आता लागणारच नव्हता.

हे काम कसं केलं असेल ते माझ्या डोळ्यांसमोर येतं. रीमर लावून भोक मोठं करणं आम्ही वर्कशॉपमध्ये केलं आहे. धातू काढला की भिंत पातळ होते. इथेही झाली, या कोरलेल्या नळ्यांना पोचे यायला, त्या फुगायला लागल्या, आणि पुढच्याच वर्षी जाड नळीचा नवा नमुना काढावा लागला. त्यात दुरुस्ती झाली ती भिंतीच्या जाडीची. खाचा परत आल्या नाहीत.

बाहेरून दोन्ही बंदुका सारख्या. तोच दस्ता, तीच पितळी साज, तोच घोडा. संचलनात शेजारी उभं केलं तर लांबून फरक कळू नये. फरक नळीत बोट घातलं तर कळायचा. गोऱ्या सैनिकाची गोळी सोयीसाठी अर्धा मिलिमीटर लहान झाली आणि हिंदी शिपायाची नळी संशयापोटी दोन मिलिमीटर मोठी झाली. तोफखान्यातही तेच. थोड्याफार डोंगरी तोफखान्याच्या तुकड्या सोडल्या तर तोफा हिंदी हातांतून काढून घेतल्या गेल्या. माटुंग्याच्या छावणीत ज्यांच्या आजोबांनी तोफा डागल्या असतील, त्या गोलंदाजांच्या नातवांना तो धंदा बंद झाला. पुढे १८७८चा शस्त्र कायदा आला आणि सामान्य माणसाच्या घरातल्या बंदुकीलाही परवान्याची साखळी लागली. मामाच्या परवान्याचं घराणं तिथवर जातं.

मागून भरायच्या बंदुका आल्यावर हा सगळा वाद एका झटक्यात निकालात निघाला. १८६६च्या स्नायडरमध्ये धातूचं काडतूस मागून सरकवायचं. गज नको, कागद नको, दात नकोत, गोळी नळीपेक्षा मोठी असली तरी चालेल. १८६९मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला तोवर ठासणीची बंदूक लष्करातून निवृत्त होऊ लागली होती. तरी स्नायडरसुद्धा आधी गोऱ्यांना मिळाली. हिंदी पलटणींकडे ती आली तेव्हा गोऱ्यांच्या हाती तिच्या पुढची मार्टिनी-हेन्री जात होती. एक पिढी मागे ठेवायची, हा अलिखित नियम बराच काळ चालला. दमदमचं नाव मात्र पुढेही गाजत राहिलं. शरीरात शिरल्यावर फुलणारी गोळी १८९०च्या दशकात तिथे बनली, आणि १८९९मध्ये हेगला तिच्यावर बंदी घालायचा जाहीरनामा झाला. तेव्हा एका कारखान्याने दोनदा जगाला बोलायला लावलं.

*

गेल्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी मी कुडाळला होतो. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. मामाने बंदूक पुसून गोणपाटात गुंडाळली होती. पट्टी खिडकीशेजारच्या खिळ्याला होती तशीच होती; पट्टीला परवाना लागत नाही. मी कॉलेजातला व्हर्नियर बरोबर नेला होता. दोन्ही भोकं मोजली. तीन-तीनदा, आडवी-उभी, कारण हाताने पाडलेलं भोक पुरतं गोल नसतं. सरासरी फरक निघाला ०.६ मिलिमीटर.

मामाने विचारलं, “किती भरला?”

“अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त. पण मामा, आजोबांनी हे माप काढलं कुठून? त्यांच्याकडे तर मोजायला काही नव्हतं.”

मामा गोणपाटाची गाठ मारत होता. वर न बघता म्हणाला, “बाबांनी आदी लागोपाठ धा बार काढल्यानी. मगे भोक पाडल्यानी.”

आणि बंदूक खांद्याला लावून तो एसटी गाठायला निघाला.